प्रकाशावर न जगणारी मृदू प्रवाळे: घरच्या टाकीतील ओळख आणि संगोपन

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ ठेवणाऱ्या बहुतेकांचा पहिला मोठा खर्च दिव्यांवर होतो आणि तो योग्यही असतो. आपण पाळतो त्यांपैकी बहुसंख्य प्रवाळांच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात आणि प्रकाशात तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. अशा प्रवाळाला आठवडाभर काही खायला घातले नाही, तरी त्याचे फारसे बिघडत नाही. या लेखाचा विषय असलेल्या मृदू प्रवाळांकडे हे शैवाल नसते. लाल, नारिंगी, जांभळ्या, गुलाबी रंगांची ही प्रवाळे समुद्रात कड्यांच्या सावलीत, गुहांच्या तोंडाशी किंवा खोल पाण्यात, जिथे प्रवाह जवळजवळ सतत वाहतो अशा ठिकाणी वाढतात आणि त्या प्रवाहातून येणारे कण टिपून जगतात.

टाकीत त्यांचा मृत्यू बहुधा उपासमारीने होतो, आणि ती उपासमार इतकी सावकाश चालते की रोज पाहणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. माझे पहिले डेंड्रोनेफ्थिया (याच गटातले एक प्रवाळ) अखेरपर्यंत रोज फुलत होते, म्हणून ते सुखात आहे असे मी धरून चाललो होतो. साडेतीन महिन्यांनी पहिल्या दिवशीचा फोटो शेजारी ठेवून पाहिला तेव्हा त्याची उंची निम्म्यावर आलेली होती. तेव्हापासून मी कोणत्याही नव्या प्रवाळाबाबत एकच प्रश्न आधी विचारतो: याच्या तोंडात मावेल असे अन्न माझ्या टाकीच्या पाण्यात दिवसाचे किती तास असते? तोंडात काय मावेल हे ठरवायचे, तर प्रवाळ नेमके कोणते आहे हे ठाऊक हवे. म्हणून सुरुवात ओळखीपासून करावी लागते.

शैवाल आहे की नाही

रंग हा पहिला संकेत असतो, पण तो पुरावा नव्हे. तपकिरी, मळकट हिरवा किंवा पिवळसर करडा मृदू प्रवाळ बहुधा शैवाल बाळगणारा असतो, कारण तो तपकिरी रंग शैवालाचाच असतो. भडक लाल, केशरी किंवा जांभळे प्रवाळ शैवालविरहित असण्याची शक्यता मोठी असते. मात्र दोन गोष्टी येथे फसवतात. काही वेळा शैवाल बाळगणारी चामड्यासारखी प्रवाळे कृत्रिम रंगात बुडवून पिवळीधमक किंवा गुलाबी करून विकली जातात. अशा प्रवाळाचा रंग देठ, टोपी आणि पॉलिप (ज्यांच्या समूहातून प्रवाळ बनते ते फुलासारखे छोटे जीव) यांवर अगदी एकसारखा पसरलेला असतो, जसा निसर्गात सहसा दिसत नाही. दुसरे म्हणजे ताणामुळे शैवाल गमावून पांढरे पडलेले प्रवाळ. त्याला प्रकाशाची गरज असते, आणि शैवालविरहित समजून ते सावलीत ठेवले तर ते वाचण्याची उरलीसुरली आशाही संपते.

खात्री करून घ्यायची असेल तर साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. फुललेल्या पॉलिपच्या एकदोन संस्पर्शकांची (तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या अवयवांची) टोके बारीक कात्रीने कापावीत, काचपट्टीवर टाकीच्याच पाण्याच्या थेंबात ठेवावीत, वर आच्छादन काच ठेवून हलकेच दाबावे आणि चारशे पट मोठे करून पाहावे. शैवाल असेल तर सुमारे १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचे सोनेरी तपकिरी गोल दाणे ऊतीत दाटीवाटीने भरलेले दिसतात. एकदा ते पाहिले की पुन्हा चुकत नाही. शैवालविरहित प्रवाळाची ऊती या तपासणीत जवळजवळ पारदर्शक दिसते आणि तिच्यात रंगीत किंवा रंगहीन, सुईसारख्या चुनखडीच्या कंटिका इतस्ततः पडलेल्या दिसतात.

प्रवाळ मुळात मृदू प्रवाळांच्या गटातले आहे का, हे पॉलिप मोजून कळते. या गटातील प्रत्येक पॉलिपला आठ संस्पर्शक असतात आणि प्रत्येक संस्पर्शकाच्या दोन्ही कडांना पिसासारखे बारीक फाटे असतात. नारिंगी, पिवळ्या पॉलिपांचे ट्युबॅस्ट्रिया हेसुद्धा प्रकाशावर जगत नाही आणि अनेकदा याच गटाबरोबर विकले जाते, पण ते कठीण प्रवाळ आहे. त्याचे संस्पर्शक आठांहून बरेच अधिक आणि फाटे नसलेले असतात. त्याची तोंडे मोठी असल्यामुळे त्याला हाताने भरवता येते. ही मुभा पुढे वर्णिलेल्या बहुतेक प्रवाळांच्या बाबतीत मिळत नाही.

नेहमी दिसणाऱ्या प्रजाती

डेंड्रोनेफ्थिया हे या सर्वांत देखणे आणि सर्वांत अवघड. फुगलेला देठ काचेसारखा अर्धपारदर्शक असतो, त्याच्या भिंतीत कंटिका उघड्या डोळ्यांनी दिसतात आणि फांद्यांच्या टोकांना पॉलिपांचे झुपके असतात. प्रत्येक पॉलिपला मागून आधार देणारा लांब कंटिकांचा जुडगा असतो व त्यांची टोके पॉलिपच्या पुढे आलेली असतात, त्यामुळे मिटलेले प्रवाळ बोटाला टोचते. हाताळताना हातमोजे घालावेत ते याच कारणासाठी. स्क्लेरोनेफ्थिया दिसायला त्याच्या भावंडासारखे असते, मात्र पॉलिपमागे हा आधाराचा जुडगा नसतो, म्हणून मिटल्यावर ते मऊ आणि गुळगुळीत लागते. हा फरक क्षुल्लक वाटेल, परंतु माझ्या अनुभवात दुसरे प्रवाळ बरेच चिवट आहे आणि जरा मोठे कणही स्वीकारते. म्हणून विकत घेण्यापूर्वी मी तो आवर्जून तपासतो.

मिरची प्रवाळ या नावाने ओळखले जाणारे नेफ्थिगॉर्जिया नवशिक्यासाठी सर्वांत योग्य. ते गडद लाल, बोटांसारख्या आखूड फांद्यांचे आणि हाताला घट्ट लागणारे असते. मिटलेले असताना खरोखरच लाल मिरच्यांच्या जुडीसारखे दिसते आणि अंधार पडल्यावर त्यावर पांढरे, मोठे पॉलिप उमलतात. त्याचे तोंड तुलनेने मोठे असल्यामुळे त्याला पुरेल असे अन्न घरी मिळवणे शक्य असते. किरोनेफ्थिया आणि सायफोनोगॉर्जिया ही प्रवाळे ताठ, काटक्यांसारख्या फांद्यांमुळे समुद्रपंख्यांसारखी भासतात, पण त्यांच्या आत शिंगासारखा कणा नसतो. फांदी वाकवल्यास ती लवत नाही, कटकन तुटते. म्हणून ही चाचणी करू नये, तुटलेले टोक दिसले तर त्याचा छेद पाहावा. खऱ्या गॉर्गोनियनच्या, म्हणजे समुद्रपंख्याच्या, फांदीत मध्यभागी काळपट, लवचिक कणा स्पष्ट दिसतो.

शैवालविरहित गॉर्गोनियनांपैकी लाल किंवा पिवळ्या फांद्यांचे डायोडोगॉर्जिया, नारिंगी फांद्यांवर लाल पॉलिप असणारे स्विफ्टिया आणि हिंदी व प्रशांत महासागरातून येणारे मेनेला ही टाकीत टिकवता येतात. फिकट निळ्या पॉलिपांचे ॲकॅन्थोगॉर्जिया आणि त्यासारखी बारीक तोंडाची गॉर्गोनियने मात्र डेंड्रोनेफ्थियाच्याच पंक्तीत धरावीत.

प्रजातीपर्यंत पोहोचायचे असेल तर कंटिकांचे आकार पाहावे लागतात. टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा देठातून आणि तेवढाच पॉलिपांच्या झुपक्यातून घेऊन दोन वेगळ्या काचपट्ट्यांवर ठेवावा व घरगुती ब्लीचचे काही थेंब टाकावेत. दहापंधरा मिनिटांत ऊती विरघळते आणि चुनखडीच्या कंटिका तळाशी उरतात. चाती, दंडुके, काटेरी ठोकळे असे त्यांचे आकार प्रजातीगणिक ठरलेले असतात. हे काम टाकीपासून दूर, हवेशीर जागी करावे, ब्लीचमध्ये आम्ल कधीही मिसळू देऊ नये आणि वापरलेली भांडी टाकीसाठी पुन्हा वापरू नयेत.

अन्नाचा आकार आणि अन्नाची वेळ

१९९५ साली लाल समुद्रातील डेंड्रोनेफ्थिया हेमप्रिची या प्रवाळावरील अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याने पाळणाऱ्यांची समजूत पालटली. तोपर्यंत प्रवाळ म्हणजे सूक्ष्म प्राणी पकडणारा शिकारी असे सर्रास मानले जाई. या प्रवाळाचे मुख्य अन्न मात्र वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवाले, असल्याचे आढळले. प्राणिप्लवकांतून त्याच्या गरजेचा अगदी लहान भाग भागत होता. घरच्या टाकीत या प्रवाळाला आर्टेमियाची (कोळंबीसारख्या दिसणाऱ्या छोट्या जीवाची) पिल्ले भरवत राहण्यात अर्थ नाही, तो यामुळेच. नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाची लांबी ४०० ते ५०० मायक्रॉन असते, आणि डेंड्रोनेफ्थिया ज्या कणांवर जगते ते याच्या कित्येक पट लहान असतात.

व्यवहारात मी अन्नाचे तीन थर धरतो. पहिला थर वनस्पतिप्लवकांचा: नॅनोक्लोरॉप्सिस सुमारे २ ते ४ मायक्रॉन, आयसोक्रायसिस ४ ते ६ आणि टेट्रासेल्मिस १० ते १४ मायक्रॉन. केवळ नॅनोक्लोरॉप्सिस देणे सोयीचे असते, परंतु एकाच आकाराचे अन्न देण्यापेक्षा तिन्हींचे मिश्रण द्यावे. दुसरा थर ऑयस्टरची अंडी, कोपेपॉडांची पिल्ले आणि रोटिफर (कोपेपॉड व रोटिफर हे दोन्ही पाण्यातले सूक्ष्म प्राणी) यांचा, म्हणजे साधारण ५० ते ३०० मायक्रॉनचा. स्क्लेरोनेफ्थिया आणि बहुतेक गॉर्गोनियने यावर वाढतात. तिसरा थर आर्टेमियाची पिल्ले आणि गोठवलेले सायक्लॉप्स (एक प्रकारचे कोपेपॉड) यांचा, जो मिरची प्रवाळ, डायोडोगॉर्जिया आणि स्विफ्टिया यांना चालतो. आर्टेमियाची पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यापासून काही तासांतच द्यावीत, कारण ती स्वतःच्या शरीरातील साठा वापरत जातात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यात फारसे पोषण उरत नाही.

अन्न पोहोचते की नाही हे डोळ्यांनी पाहता येते. रात्री टाकीचे दिवे मालवावेत, लाल विजेरी हातात घ्यावी आणि भिंगातून एकाच फांदीकडे पाहत पिपेटने प्रवाहाच्या वरच्या बाजूने थोडे रोटिफर सोडावेत. मिरची प्रवाळाच्या पॉलिपला कण लागला की एक संस्पर्शक बोट दुमडावे तसा तोंडाकडे वळतो, मग बाकीचे सातही हळूहळू मिटतात आणि पॉलिप क्षणभर मूठ आवळल्यासारखा दिसतो. कण संस्पर्शकाला चिकटून पुन्हा सुटून वाहत गेला, तर तो त्याच्या कामाचा नाही. माझ्या मते बाटलीवरील कोणत्याही माहितीपेक्षा ही दहा मिनिटे अधिक मोलाची आहेत.

वेळेचा प्रश्न आकाराहून कठीण आहे. समुद्रातील पाण्यात अन्नाचे प्रमाण कमी असते, पण ते थांबत नाही. टाकीत आपण सकाळी एकदा भरपूर घालतो आणि दोन तासांत गाळणी ते काढून टाकते. मिरची प्रवाळ आणि चिवट गॉर्गोनियने दिवसातून दोनतीन वेळा दिलेल्या अन्नावर निभावून नेतात. डेंड्रोनेफ्थिया मात्र ज्याला डोसिंग पंपाने (ठरल्या वेळी ठरावीक मात्रा सोडणाऱ्या पंपाने) दिवसाच्या चोवीस तासांत किमान चोवीस वेळा थोडेथोडे वनस्पतिप्लवक सोडता येत नसेल, त्याने आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पंप जोडल्यावर अन्नाचे भांडे लहान शीतकपाटात सुमारे ४ अंश सेल्सियसला ठेवावे, त्यात चुंबकीय ढवळणी असावी, कारण शैवालाच्या पेशी तळाशी बसतात आणि मग पंप दिवसभर नुसते पाणीच सोडत राहतो. शीतकपाटाबाहेरची नळी शक्य तितकी आखूड ठेवावी आणि दर आठवड्याला गरम पाण्याने धुवावी. नळीत सडलेले अन्न टाकीत गेल्याने होणारे नुकसान उपासमारीहून जलद असते.

एवढे अन्न घालूनही पाणी स्वच्छ राखणे

येथेच बहुतेकांची गाडी अडते. घातलेल्या अन्नापैकी प्रवाळ थोडेच खाते; उरलेल्याचे नायट्रेट आणि फॉस्फेट होते. गाळणी वाढवली तर अन्न जाते, कमी केली तर पाणी बिघडते. त्यामुळे गाळणीचा प्रत्येक भाग नेमके काय काढतो हे समजून घ्यावे लागते. १०० ते २०० मायक्रॉनची कापडी पिशवी वनस्पतिप्लवक जाऊ देते, मात्र बरेचसे रोटिफर आणि आर्टेमिया अडवते. म्हणून प्राणिप्लवक देताना ती काढून ठेवावी व दोनतीन तासांनी परत लावावी. प्रोटीन स्किमर (हवेच्या बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातील घाण काढणारे यंत्र) सगळेच थोडेथोडे काढतो, पण तो कायमचा बंद ठेवण्याचे धाडस करू नये. मोठ्या जेवणानंतर तासदीड तास तो आपोआप थांबेल अशी घड्याळाची सोय पुरेशी असते. अतिनील किरणांचे यंत्र जिवंत प्लवकांना मारते, तेव्हा ते अशा टाकीत नसलेलेच बरे.

नायट्रेट आणि फॉस्फेट काढण्यासाठी मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो तो संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) दिव्याखाली वाढवलेल्या कीटोमॉर्फा शैवालाचा. तो पाण्यातील पोषकद्रव्ये ओढून घेतो, त्याच्या गुंत्यात कोपेपॉड आपोआप वाढतात आणि त्यांची पिल्ले पंपातून प्रवाळांपर्यंत पोहोचतात. त्याच्या जोडीला दर आठवड्याला दहा ते पंधरा टक्के पाणी बदलावे आणि त्या वेळी खडकांखालचा गाळ नळीने ओढून काढावा. तापमान २४ ते २६ अंश, विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटी मोजण्याचे एकक) आणि कॅल्शियम ४०० ते ४३० मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादा राखाव्यात. कंटिका चुनखडीच्याच असल्याने शेवटचे दोन आकडे येथेही महत्त्वाचे आहेत. नायट्रेट २० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत आणि फॉस्फेट ०.१ च्या आत असले की मी काळजी करत नाही. दोन्ही आकडे शून्यावर असतील तर मात्र अन्न कमी पडते आहे का, अशी शंका घ्यावी.

जागा, प्रवाह आणि पहिला आठवडा

प्रकाश या प्रवाळांना थेट अपाय करतोच असे नाही, परंतु अन्नाने समृद्ध पाण्यात प्रकाश मिळाला की त्यांच्या फांद्यांवर तंतुमय शैवाल आणि सायनोबॅक्टेरियाचे थर चढतात, आणि पॉलिप त्याखाली गुदमरतात. म्हणून जागा कपारीच्या छताखाली शोधावी. मिरची प्रवाळ उलटे लटकवले तर त्याच्या फांद्यांवर गाळ बसत नाही आणि ते अधिक नियमितपणे फुलते.

प्रवाह जोरदार, पण एकाच दिशेने रुंद पसरून येणारा असावा. वेव्हमेकरचा (टाकीतील पाणी हलवणाऱ्या पंपाचा) झोत थेट अंगावर येता कामा नये. मोजण्याची सोपी पद्धत अशी: अन्नाचे कण सोडावेत आणि प्रवाळासमोरील ३० सेंटिमीटर अंतर ते किती वेळात कापतात हे पाहावे. दोन ते तीन सेकंद लागत असतील तर वेग सेकंदाला १० ते १५ सेंटिमीटर पडतो आणि ती सुरुवात चांगली आहे. पॉलिप एका बाजूला चपटे पडून राहत असतील तर वेग जास्त आहे. फांद्यांवर गाळ साचत असेल तर कमी. पंख्यासारख्या गॉर्गोनियनची सपाट बाजू प्रवाहाला आडवी ठेवावी, म्हणजे प्रत्येक पॉलिपला पाण्याचा वाटा मिळतो.

प्रवाळ आणताना शक्यतो मूळ खडकासकट आणावे आणि पाण्याबाहेर न काढता भांड्यातून भांड्यात हलवावे, कारण बुडाशी अनेकदा स्पंज वाढलेला असतो. हवेच्या संपर्काने तो मरतो आणि त्याची कूज प्रवाळाच्या देठात शिरते. विकत घेण्यापूर्वी देठाचा तळ नीट पाहावा. पांढरट, ओघळणारी ऊती दिसली किंवा वास आला, तर प्रवाळ कितीही सुंदर असले तरी ते सोडून द्यावे. घरी आणल्यावर मंद उजेडात तापमान जुळवून घ्यावे आणि तासभर थेंबथेंब पाणी मिसळावे. आयोडीनयुक्त द्रावणात बुडवून झाल्यावर भिंगाने फांद्या तपासाव्यात: ओव्ह्युलिडी कुलातील कवडीसारख्या छोट्या गोगलगायी आणि काही न्युडिब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी) प्रवाळाच्याच रंगाच्या होऊन त्याला कुरतडत असतात. चिमट्याने त्या काढाव्यात आणि अंड्यांचे पुंजके खरवडून टाकावेत. डेंड्रोनेफ्थियावर काटेरी, गुलाबी पांढरा, नखाएवढा खेकडा सापडला तर मात्र त्याला राहू द्यावे. होप्लोफ्रिस ओटेसी हा खेकडा याच प्रवाळांवर राहतो आणि त्यांना इजा करत नाही.

या प्रवाळांना गोंद नीट धरत नाही, कारण त्यांच्या अंगावर चिकट स्राव असतो. मिरची प्रवाळाच्या बुडातून लाकडी टूथपिक आडवी घालून ती रबरबँडने खडकाला बांधावी; दोनतीन आठवड्यांत बूड खडकाला धरते. गॉर्गोनियनसाठी फांदीच्या खालच्या टोकाची ऊती एकदीड सेंटिमीटर खरवडून आतला कणा मोकळा करावा आणि तो खडकातील भोकात इपॉक्सीने बसवावा. ऊतीवर इपॉक्सी लागल्यास ती तेथून कुजत वर चढते.

पहिले काही दिवस प्रवाळ मिटून राहिले तरी घाबरू नये, आणि अन्न देणेही थांबवू नये. पाण्यातील अन्नाचा गंध हेच अनेकदा त्याच्या फुलण्याचे निमित्त ठरते. गॉर्गोनियन आणि मिरची प्रवाळ अधूनमधून काही दिवस मिटतात, अंगावर मेणचट पापुद्रा येतो आणि तो गळून पडल्यावर पुन्हा फुलतात. दहाबारा दिवसांनंतरही पापुद्रा गेला नाही, तर प्रवाह वाढवावा. गॉर्गोनियनच्या फांदीवर काळा कणा उघडा पडलेला दिसला, तर निरोगी ऊतीत एक सेंटिमीटर आत जाऊन ती फांदी कापावी. वाट पाहिली तर कूज खाली उतरते.

दर रविवारी, त्याच जागेवरून, शेजारी पट्टी ठेवून आणि प्रवाळ पूर्ण फुललेले असताना एक फोटो काढावा. उंची दोन महिन्यांत टिकली वा वाढली तर अन्न पुरते आहे. ती सलग तीन आठवडे घटत असेल तर अन्नाची मात्रा आणि वारंवारता दोन्ही त्याच दिवशी वाढवावीत. डेंड्रोनेफ्थियाचे लहान झुपके कधी सुटून खाली पडतात. समुद्रात हेच त्याचे पसरण्याचे एक साधन आहे: सुटलेला झुपका मुळांसारखे धागे काढून नव्या जागी चिकटतो. असे तुकडे संथ प्रवाहातल्या खडबडीत खडकावर ठेवून पाहावेत. मूळ प्रवाळ आक्रसत असतानाच ते गळत असतील, तर मात्र ते उपासमारीचे लक्षण मानावे.

टाकीतून काढलेले कोणतेही प्रवाळ, खडक किंवा पाणी समुद्रात वा खाडीत सोडू नये. कॅरिजोआ रीसी हे पांढऱ्या पॉलिपांचे शैवालविरहित मृदू प्रवाळ १९७२ मध्ये हवाईतील पर्ल हार्बर येथे प्रथम नोंदले गेले आणि पुढे तेथील खोल पाण्यातल्या काळ्या प्रवाळांवर चढून त्यांना गुदमरवू लागले. टाकीतील मेलेले किंवा नको असलेले प्रवाळ वाळवून कचऱ्यात टाकावे, आणि बदललेले पाणी घरातील सांडपाण्याच्या नळीतच ओतावे.